सुताराच्या पेटीत कोणते हत्यार कामी येते, कोणते पडून राहते?

नांदेड/लातूर : १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये सुतारकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे ई-व्हाउचर आणि पुढे ५ टक्के व्याजाने, १८ महिन्यांच्या मुदतीवर एक लाखापर्यंतचे पहिले कर्ज, अशी तिची रचना आहे. पूर्ण रक्कम उचलून समान हप्त्यांनी फेडायची म्हटल्यास महिन्याकाठी सुमारे ५,७८० रुपये बाजूला काढावे लागतात. साहजिकच, घेतलेले यंत्र महिन्यातले किती दिवस चालणार, याला महत्त्व येते.

गावगाड्यातील सुतारापुढे हा हिशेब नव्हता. नांगर, तिफण, बैलगाडी आणि माळवदाच्या घराचे खांब-तुळया हे सारे काम वाकस, करवत, पटाशी, रंधा आणि गिरमिट यांवर निभत असे. ट्रॅक्टर व लोखंडी अवजारांनी शेतीचे काम हिरावले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सिमेंटची घरे उभी राहिली आणि माळवदाचे कामही आटले. आता शहरातील कारागिराची भिस्त प्लायवुड आणि लॅमिनेटवर आहे.

या बदलामुळे खरेदीचे गणितही बदलले. प्लायवुडच्या थरांमधील चिकटद्रव्य साध्या पोलादी पात्याची धार लवकर मारते. म्हणून कार्बाइडच्या दातांचे पाते महाग वाटले तरी परवडते. असे पाते लावलेली हातातली विजेची करवत आणि एक बरे ड्रिल मशीन, ही जोडी रोज वापरात राहते व पैसे वसूल करते.

करवत आणि रंधा एकत्र असलेल्या मोठ्या यंत्राचे मात्र तसे नाही. किनवट परिसरातील सागवानासारख्या भरीव लाकडाच्या चौकटी करणाऱ्याला ते वरदान ठरते. केवळ प्लायवुडचे काम करणाऱ्याच्या दुकानात ते जागा अडवते. शिवाय विजेचा दाब कमी असताना भाराखालील मोटार अधिक प्रवाह खेचून तापते. लांब, बारीक वायर जोडली तर त्यात भरच पडते.

बॅटरीवरील यंत्रे वीज नसलेल्या बांधकामावर सोयीची. परंतु एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही, आणि न वापरताही बॅटरीचे आयुष्य घटतच असते. स्वस्त मिळाले म्हणून तीन कंपन्यांची तीन यंत्रे घेणाऱ्याला तीन चार्जर सांभाळावे लागतात.

सर्वांत घातक काटकसर ग्राइंडरची आहे. लोखंड घासण्याच्या चार इंची ग्राइंडरला लाकडाचे पाते लावून करवतीचे पैसे वाचविले जातात. हे यंत्र मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते. सात इंची करवतीचा वेग साधारण पाच हजारांच्या आसपास असतो. पाते लाकडात अडकले, की ग्राइंडर हातातून उसळतो. करवतीला असते तसे सरकते संरक्षक झाकण तेथे नसते. त्यात बोटे गेली तर सुताराचा धंदाच संपतो.

विजेचे यंत्र घेताना कार्बन ब्रश व स्विच गावातच मिळतात का, हे दुकानदाराला आधी विचारावे. व्हाउचरमधून काही रक्कम चांगल्या पोलादाच्या दोन-तीन पटाश्या आणि धार लावण्याच्या दगडासाठी राखावी. बिजागरीची खाच साफ करायला आजही तीच लागतात.