रिकाम्या घराचा अधिकार

अर्धे आयुष्य नोकरीत घालवून ज्यू प्रार्थनामंदिरात कँटर, म्हणजे सामुदायिक प्रार्थना गाऊन चालविणारा हझान, होऊ पाहणारे लोक अमेरिकेत आहेत. हिब्रू युनियन कॉलेजने १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये या विद्येची शाळा काढली. हिब्रू भाषा आणि सणासणांच्या चाली आत्मसात करण्यास वर्षे लागतात; बुडालेला पगार धरला तर अर्थशास्त्राच्या हिशेबी हा सौदा तोट्याचाच.

परंतु इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मसंहितेचा निकष निराळा आहे. अवर्षणाच्या उपवासदिनी प्रार्थनेस वयस्क, अनुभवी, पदरी मुले असलेला, पण घर रिकामे असलेला मनुष्य उभा करावा. त्याचे अंतःकरण प्रार्थनेत पूर्ण असते, असे ती सांगते. कंठ शिक्षणाने तयार होईल. टंचाई मात्र सोसूनच कळते. मग नोकरीतील ती वर्षे वाया गेली, असे कोणत्या हिशेबाने म्हणावे?