भूकंपात डोके सांभाळा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली. झोपेत अंगावर कोसळलेल्या दगड-मातीच्या भिंतींनी त्यांचा जीव घेतला. वस्तीतल्या घरातही धोका डोक्यावरच असतो. पत्र्यावरचे दगड काढून पत्रा हुकाने आवळा. माळ्यावरची ट्रंक, पिंप खाली उतरवा. फळीखाली अंथरूण घालू नका.

जमीन हलली की गल्लीत धावू नका. तिथे विटा, तारा पडतात. मजबूत टेबलाखाली बसून त्याचा पाय धरा. टेबल नसेल तर खाली वाकून हातांनी डोके-मान झाका. अंथरुणात असाल तर उशीने झाका. दगड-मातीचे घर असेल आणि दार दोन पावलांवर असेल, तरच बाहेर मोकळ्यात पळा.

हादरे थांबताच गॅस बंद करा. काडी ओढू नका. रविवारी विहारात वंदनेनंतर लेकरांसह याचा सराव करा.