अन्न-असुरक्षितता आणि लठ्ठपणा : एक रूढ समजूत

अंगाने भरलेल्या व्यक्तीला आपल्याकडे ‘खात्यापित्या घरची’ म्हणतात. भूक म्हटली की हाडे वर आलेला देहच डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे अन्नाची चणचण आणि लठ्ठपणा एकाच घरात नांदू शकतात, हे सहजासहजी पटत नाही.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ विल्यम डिट्झ यांनी १९९५ मध्ये एका सात वर्षांच्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिचे वजन अपेक्षेच्या दुपटीहून अधिक होते. आई सरकारी साहाय्यावर अवलंबून होती. साहाय्याची रक्कम हाती येण्यापूर्वी काही दिवस घरात अन्नासाठी पैसे नसत. त्या दिवसांत भूक भागावी म्हणून अधिक स्निग्ध पदार्थ खाल्ले जात. भुकेमुळे लठ्ठपणा येतो काय, असा प्रश्न डिट्झ यांनी उपस्थित केला. पुढील अभ्यासांत हा संबंध मुख्यत: प्रौढ स्त्रियांमध्ये आढळला, पुरुष व मुलांबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. तेल, साखर व मैद्याचे पदार्थ थोड्या पैशांत पोट भरतात. फळे, भाज्या व दूध तेवढ्या पैशांत येत नाही. शिवाय अर्धपोटी दिवसांनंतर अन्न मिळाले की ते जास्त खाल्ले जाते.

वस्तुत: अन्न-असुरक्षितता म्हणजे केवळ उपासमार नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची मोजणी आठ प्रश्नांवर आधारलेली आहे. पहिला प्रश्न अन्न पुरेल की नाही या काळजीचा, पुढचे दोन पौष्टिकतेचे व विविधतेचे. दिवसभर उपाशी राहण्याचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. वजनाचा प्रश्न त्यात नाहीच.

भारतात लठ्ठपणा आजही सधन कुटुंबांत अधिक आहे, हे खरे. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या व १८.७ टक्के कृश आढळल्या. २०१५-१६ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे २०.६ व २२.९ टक्के होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त धान्याची हमी दिली. डाळ, भाजी व दूध मात्र बहुतेक कुटुंबांना बाजारभावानेच घ्यावे लागते.

म्हणून गरजू विद्यार्थी निवडताना शिक्षकांनी अंगकाठीवरून अंदाज बांधू नये. महिनाअखेरीस घरात काय शिजते, हे आपुलकीने विचारावे.