बिनसाखरेचा हिरवा चहा

इथे मस्कतमध्ये आम्हा मराठी घरांतही दुधा-साखरेचा करक चहा दिवसातून तीन-चारदा होतो. मधुमेह असलेल्यांना मी हिरवा चहा सुचवते, पण "कडू लागतो" म्हणून त्यातही साखर पडते. दोष बहुधा उकळत्या पाण्याचा असतो. जपानमध्ये यासाठी 'क्यूसु' वापरतात: बाजूला दांडा आणि आत गाळणी असलेली छोटी किटली. तोकोनामे शहरातल्या लाल मातीच्या क्यूसु प्रसिद्ध आहेत. उकळलेले पाणी ७०-८० अंशांपर्यंत निवू द्यावे, पाने मिनिटभर भिजवावीत आणि सगळा चहा कपात ओतावा. किटलीत पाणी उरले की कडूपणा वाढतो. घरची साधी किटली व गाळणीही चालेल. रक्तात लोह कमी असेल, तर जेवणानंतर तासभर थांबूनच चहा घ्यावा.