आधी सुई, मग बाकीचं

घरचा संच सुधारला की रेकॉर्ड सुधारते, असं सरसकट लिहिण्याची सध्या पद्धत पडली आहे. महाड-पोलादपूरकडे मी पाहिलं ते जरा वेगळं आहे. इथे ज्यांनी पैसे साठवून नवा संच घेतला, त्यांच्या लाँगप्ले खरोखर खुलल्या आणि त्याच घरातल्या लाखेच्या जुन्या तबकड्या पहिल्यापेक्षा वाईट वाजायला लागल्या. मग त्या ‘गेल्या’ म्हणून माळ्यावर चढल्या आणि माळ्यावरून भंगारात उतरल्या. प्रस्तुत आढावा त्या तबकड्यांचा पक्ष घेऊन लिहिला आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

शिवथरच्या खोऱ्यात रेकॉर्ड आली ती चाकरमान्यांच्या ट्रंकेतून. गणपतीला नाहीतर शिमग्याला गिरणीतला, गोदीतला माणूस गावी यायचा, तेव्हा कपड्यांच्या घड्यांमध्ये पाचसहा तबकड्या असायच्या. एचएमव्ही, ओडियन, कोलंबिया आणि वडाळ्याच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीची ‘यंग इंडिया’. इथली शिवथरघळ धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून काढली ती १९३० साली. त्यावरून आमच्याकडची जुनी माणसं गमतीने म्हणत, की महाराष्ट्राला शिवथर कळायच्या आधी शिवथरला बालगंधर्व कळले होते. त्यातला अभिमानाचा भाग वजा करून घ्यावा.

वाजवायला चावीचा फोनो. त्याच्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या वर आणि सुई पोलादी. दर बाजूला सुई बदलावी असं डबीवरच छापलेलं असे, पण गावात एक सुई अख्खा गणपती काढायची. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते, ती सुईला घासून खाचेच्या मापाची करते. हे मुद्दाम योजलेलं होतं. घासून धारदार झालेली तीच सुई दुसऱ्या रेकॉर्डला लावली, की ती खाचेची भिंत तासत जाते. आजच्या तबकड्यांवरची जी खरखर आहे, तिचा मोठा वाटा या काटकसरीचा आहे.

विजेबरोबर पेटीतले प्लेअर आले. एचएमव्हीचा फिएस्टा ज्याच्या घरी, त्याच्या पडवीत संध्याकाळी निम्मी वाडी. आवाज डबडा, खर्ज नावापुरता. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावायची आणि सुधीर फडके अर्ध्या स्वराने खाली यायचे. कुणी तक्रार करत नसे. त्या पिकअपला एक बारीकशी कळ होती. तिच्या एका बाजूला ‘७८’, म्हणजे लाखेची तबकडी, आणि दुसऱ्या बाजूला ‘एलपी’, म्हणजे लाँगप्ले. कळ फिरवली की सुईचं टोक पालटायचं. नखाएवढी ती वस्तू पुढच्या संचांतून गेली आणि तिच्याबरोबर काय गेलं, ते फार थोड्यांच्या लक्षात आलं.

ॲम्प्लिफायरचा इतिहास मी देत बसत नाही. कॉस्मिक आले, सोनोडाइन आले, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले संच आले, वॉट वाढले, पेट्या वाढल्या. मग कॅसेट आली आणि सगळंच झाकलं गेलं. यातलं रेकॉर्डच्या कामाचं एवढंच, की क्रिस्टलचा जड पिकअप जाऊन मॅग्नेटिक कार्ट्रिज आलं आणि रेकॉर्डवरचा भार सहा-आठ ग्रॅमवरून दीड-दोन ग्रॅमवर उतरला.

लाँगप्लेला याचा फायदा झाला, यात वाद नाही, आणि तो कुठे झाला ते शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याला चटकन कळतं. बारा इंची तबकडी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २० ते २१. म्हणजे तेवढ्याच आवाजाला आत निम्म्याहून कमी जागा. आता आपल्या ख्यालाची मांडणी बघा. विलंबित सुरुवातीला, ऐसपैस जागेत. द्रुत आणि तानांचा पाऊस शेवटी, अडचणीत. जुन्या गोल टोकाच्या सुईवर नेमकी तिथे तान फाटायची आणि लोक गवयाला नावं ठेवायचे. लंबगोल टोकाची सुई बसवा, कागदी मापपट्टी घेऊन कार्ट्रिजचा कोन जुळवा, तीच तान दाणेदार ऐकू येते. यात ॲम्प्लिफायरचा काही संबंध नाही.

तानपुरा तर प्लेअरची सगळी लबाडी उघडी पाडतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात झाकली जाणारी वेगाची थरथर षड्जावर लपत नाही. रेकॉर्डचं भोक मध्यापासून जरा सरकलेलं असलं, तर दर १.८ सेकंदांनी तानपुरा झुलतो. वेग तपासायला १८० रेघांची कागदी चकती पुरते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर लावलेल्या निऑनच्या किंवा जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. बहुतेक एलईडी दिव्यांखाली त्या धड दिसत नाहीत, म्हणून जुना बल्ब टाकू नये. अठ्ठ्याहत्तरला ७७ रेघांची चकती लागते.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. लाँगप्लेचं टोक २५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. नव्या झोकदार संचांबरोबर आलं ते हे बारीक टोकच. कळ नाही, आणि पुष्कळ प्लेअरना ७८चा वेगही नाही. ज्यांना वेग होता त्यांनी हौसेने जुनी रेकॉर्ड लावली. बारीक सुई खाचेच्या तळाला जाऊन पडली, तिथे चाळीस-पन्नास वर्षांची माती आणि पोलादी भुकटी साचलेली. तिने तेच वाजवलं. ‘बघा, काही राहिलं नाही हिच्यात,’ असं घरमालकाने जाहीर केलं. फिएस्टावर गाणारी तबकडी चारपट किमतीच्या संचावर फक्त खरखरली.

जाड सुई लावून पाहिल्यावर काय होतं, ते मी आमच्या वाडीतल्या एका आजोबांना ऐकवलं होतं. रेकॉर्ड बालगंधर्वांची, लेबल अर्धं गेलेलं. आधी बारीक सुईवर वाजवली. ते म्हणाले, “भाऊ, तळणीचा आवाज येतोय.” मग सुई बदलली, संचाचं मोनो बटण दाबलं. खरखर गेली नाही, पण मागे सरकली. ऑर्गनचा सूर वेगळा झाला, सारंगी गळ्याच्या मागून चालताना कळायला लागली आणि तानेआधी घेतलेला श्वास ऐकू आला. आजोबा काही बोलले नाहीत, दुसरी बाजू लावायची खूण केली.

मोनो बटणाचं कारण साधं आहे. जुन्या तबकडीत गाणं आडव्या हालचालीत असतं. सुई वर-खाली होते ती धुळीमुळे आणि झिजेमुळे. स्टिरिओ कार्ट्रिज दोन्ही पकडतं. डावं-उजवं एकत्र केलं की उभ्या हालचालीचा कचरा एकमेकांना छेद देऊन जातो. या बटणाला पैसे पडत नाहीत, म्हणून त्यावर कोणी लेख लिहीत नाही.

दुसरं, ‘फोनो’ नावाच्या खटक्यामागचं मंडल. लाँगप्ले कापताना खर्ज दाबतात आणि तार उचलून धरतात, वाजवताना त्याच्या उलट करतात. हे माप जगभर एक झालं ते १९५४नंतर. त्याआधीच्या लाखेच्या तबकड्यांवर तार फारशी उचललेलीच नाही. १९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, त्याच्या आधीच्या कर्ण्यात गायलेल्या तबकड्यांना तर कसलंच माप नाही. ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्गने १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं घेतलं, तिथपासूनचा तो सगळा काळ. आजचं मंडल या तबकड्यांतली नसलेली वाढ कापत बसतं, १० हजार हर्ट्झला १३-१४ डेसिबल. आवाज घोगरा होतो आणि जुने गायक नाकात गात होते असं ठरतं. संचावरचं तारेचं (ट्रेबलचं) बटण थोडं चढवून पाहा, हिराबाई बडोदेकरांचा स्वर किती नितळ होता ते कळेल.

वेगाचंही तसंच. सगळ्या तबकड्या अठ्ठ्याहत्तरच्याच असं नाही. सुरुवातीच्या काळात कोणी कमी, कोणी जास्त फिरवल्या. वेगात सहा टक्के फरक पडला की गाणं अर्ध्या स्वराने हलतं. गवयाची पट्टी ठाऊक असलेला कान जवळ हवा. असे कान आता कमी झाले आहेत.

शहरातले काही जाणकार गेली कित्येक वर्षं तारांवर लिहितात. चांदीची तार, तांब्याची तार, तिची दिशा. त्यांनी आषाढात आमच्याकडे येऊन राहावं. घळीसमोर धबधबा कोसळत असतो, पत्र्यावर पाऊस, ओढा दारात. असल्या आवाजात ॲम्प्लिफायरची निःशब्दता मोजायची कशी? इथे सुधारणा म्हणजे प्लेअर माळ्याच्या फळ्यांवरून खाली आणणं. वर कोणी चाललं की सुई उडते. सारवलेल्या भुईवर दगडी पाटा, त्यावर प्लेअर. मोठा टर्नटेबल घेऊनही काहींना जे साधलं नाही, ते यात साधतं.

आणि ओल. श्रावणापर्यंत कव्हरांना बुरशी धरते. लाँगप्ले डिस्टिल्ड वॉटरने आणि साबणाच्या थेंबाने धुता येते. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट कधीही लावू नये, लाख त्यात विरघळते. लाकडाला पॉलिश करणाऱ्या सुताराला हे वेगळं सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१च्या पुरात महाडमधल्या घरांत गाळ शिरला, तेव्हा जुन्या रेकॉर्डीही भिजल्या. लेबलं सुटली, पण खाचांना पाण्याने लगेच काही होत नाही. ज्यांनी गाळ ओला असतानाच साध्या पाण्याने धुतल्या त्यांच्या पुष्कळशा वाचल्या. बाकीच्या कचऱ्याच्या ढिगात गेल्या.

हल्ली नवे शौकीन नव्याने छापलेल्या लाँगप्ले घेतात. त्यातल्या अनेक डिजिटल फायलीवरूनच कापलेल्या असतात. त्यांना नाव ठेवत नाही. पण मोबाइलवरचीच फाइल सुईतून ऐकण्यासाठी एवढा खर्च करणाऱ्या माणसाला ७८ची सुई महाग वाटते, याचं नवल वाटतं. शुअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज करणं थांबवलं. ऑर्टोफोन आणि ऑडिओ-टेक्निका यांच्याकडे ७८ची सुई अजून मिळते, तीच बैठक ठेवून नुसती सुई बदलता येईल अशीही.

तेव्हा खोऱ्यातल्या आणि मुंबईतल्या आमच्या मंडळींना विनंती. गावच्या माळ्यावर काळ्या जड तबकड्या असतील तर आडव्या रचून ठेवू नका, तळच्या फुटतात, उभ्या ठेवा. लेबलावरचा आणि लेबलालगत लाखेत कोरलेला नंबर वहीत उतरवून घ्या. ७८ची सुई मिळाल्याशिवाय वाजवू नका आणि वाजवून पाहिल्याशिवाय विकू नका.