वांकड्या पृष्ठभागावरील अँटेना

गेल्या वर्षीं विज्ञानाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें प्रश्न केला, "सर, आमच्या आजोबांच्या रेडिओसाठीं छपरावर तार बांधावी लागे. मग मोबाईलची तार गेली कोठें?" प्रश्न साधा, पण मर्मावर बोट ठेवणारा होता. मीं एक निकामी झालेला मोबाईल आणिला व त्याची बॅटरी काढून ठेवून आंतील भाग मुलांपुढें उघडा केला. प्लॅस्टिकची कड जेथें वळली होती तेथेंच सोनेरी रंगाच्या कांहीं बारीक रेषा दिसल्या. छपरावरील तार नाहींशी झालेली नाहीं. ती येथें येऊन बसली आहे. ती अशा उंचसखल जागीं कां बसवावी लागते व कशी बसवितात, हें आपणांस या लेखांत पाहावयाचें आहे.

तारेंतील विद्युत्प्रवाह वेगानें मागेंपुढें होऊं लागला म्हणजे तिच्यापासून विद्युच्चुंबकीय लहरी निघतात. आणि अशी लहर दुसऱ्या तारेवर येऊन आदळली म्हणजे तींत तसाच सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिख हर्ट्झ यानें १८८७-८८ सालीं हें प्रयोगानें सिद्ध केलें. लहरी पाठविणारी वा झेलणारी जी ही तार, तिलाच अँटेना म्हणतात. तिची लांबी मनास येईल ती ठेवून चालत नाहीं. लहरींचा वेग सेकंदास सुमारें ३,००,००० किलोमीटर असतो. त्यास सेकंदांतील कंपनांच्या संख्येनें भागिलें म्हणजे एका लहरीची लांबी निघते. अँटेना साधारणतः या लांबीच्या चतुर्थांशाइतकी असली म्हणजे ती चांगलें काम देते. सेकंदास १० लक्ष कंपनें असतील तर लहर ३०० मीटर लांब होते. म्हणून जुन्या रेडिओस लांब तार हवी असे. मोबाईलच्या ९० कोटि कंपनांच्या लहरीची लांबी सुमारें ३३ सेंटिमीटर, म्हणजे चतुर्थांश ८ सेंटिमीटर. आणि वाय-फायच्या २४० कोटि कंपनांच्या लहरीचा चतुर्थांश केवळ ३ सेंटिमीटर भरतो.

तर मग अँटेना याहूनहि लहान कां करूं नये? येथें निसर्गनियम आड येतो. लहरीच्या मानानें अँटेना जितकी लहान जागा व्यापते, तितका तिचा उपयुक्त कंपनांचा पट्टा अरुंद होतो, हें एल. जे. चू या शास्त्रज्ञानें १९४८ सालीं गणितानें दाखविलें. शिवाय बॅटरी, पडदा इत्यादि धातुयुक्त भाग जवळ असले म्हणजे लहरींस अडथळा होतो. म्हणून अँटेनेस या भागांपासून शक्य तितकें दूर, म्हणजे कवचाच्या अगदीं कडेला, जागा द्यावी लागते. आणि कड तर हातांत नीट बसावी म्हणून गोलाकार केलेली असते. सपाट कागद नळकांड्यावर सहज गुंडाळतां येतो, पण नारळावर चढवूं गेल्यास त्यास सुरकुत्या पडल्यावांचून राहत नाहींत. सपाट पट्टीवर छापलेल्या अँटेनेची अडचण नेमकी हीच आहे.

या अडचणीवर जर्मनींत एक सुंदर युक्ति विकसित झाली. प्लॅस्टिकमध्यें आधींच एक धातुसंयुग मिसळतात व सांच्यांत ओतून हवा तो आकार तयार करितात. मग लेसर किरणानें त्यावर अँटेनेचें चित्र रेखाटतात. किरण जेथें पडतो तेथें पृष्ठभाग खरखरीत होतो व आंतील धातूचे कण मोकळे होतात. नंतर ती वस्तु तांब्याच्या क्षारांच्या द्रावणांत बुडविली म्हणजे विजेच्या प्रवाहावांचूनच फक्त त्या रेषांवर तांबें जमतें. नवसागर लावून तापविलेल्या भांड्यावरच जशी कल्हई धरते, तसाच हा प्रकार होय. शेवटीं तांबें गंजूं नये म्हणून त्यावर निकेलचा व सोन्याचा पातळ थर देतात. मुलांनीं पाहिलेला सोनेरी रंग तो हाच.

इतका पातळ थर पुरतो कसा? सेकंदास १०० कोटि कंपनें असलीं म्हणजे प्रवाह मुख्यतः तांब्याच्या पृष्ठालगतच्या सुमारें दोन मायक्रॉन जाडींतच वाहतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा सहस्रांश. आंतील तांबें जवळजवळ निरुद्योगी असतें. म्हणून कांहीं मायक्रॉनांचा थर बस्स होतो.

दुसरी पद्धति छपाईची. मेंदीच्या कोनानें तळहाताच्या उंचवट्यांवर जशी नक्षी काढितात, तशीच बारीक तोंडाच्या नळींतून रुप्याच्या सूक्ष्म कणांची शाई सोडून वांकड्या पृष्ठावर रेषा काढतां येते. मग उष्णता दिली म्हणजे ते कण एकमेकांस चिकटून सलग वाट तयार होते. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०११ सालीं काचेच्या अर्धगोलावर अशा अँटेना छापून दाखविल्या. याच शाईचे तुषार करून ते वायूच्या झोतानें दुरून सोडण्याचीहि रीत आहे. तींत नळी पृष्ठास टेकत नसल्यानें चढउतारांची बाधा होत नाहीं.

या कामांत किती कांटेकोरपणा लागतो पाहा. तीन सेंटिमीटरच्या रेषेंत एक मिलिमीटरची चूक झाली, तर अँटेनेचा सूर सुमारें तीन टक्के, म्हणजे २४० कोटींत सुमारें साडेसात कोटि कंपनांनीं, ढळतो. आणि वाय-फायचा तेथील पट्टाच मुळीं आठ कोटींहून किंचित् मोठा आहे! आपला हातहि असाच सूर बिघडवितो व लहरी शोषून घेतो. यास्तव पालकांस एक सूचना करावीशी वाटते. घाटांत अपघात होऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावयाची असेल आणि लहरी क्षीण असतील, तर मोबाईल मुठींत आवळून धरूं नये, कडा मोकळ्या ठेवाव्या व धातूचें वेष्टन असल्यास तें काढावें. एखाद्याचा जीव त्या तीन बोटें लांबीच्या रेषेवर अवलंबून असूं शकतो.

पौलानें करिंथकरांस लिहितांना शरीराच्या अवयवांचा दृष्टान्त दिला आहे. ज्या अवयवाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं त्यावांचूनहि शरीराचें चालत नाहीं, ही गोष्ट या सोनेरी रेषेस पाहून पुन्हां मनांत येते. विद्यार्थिमित्रहो, ती रेषा कोणास दिसत नाहीं. पण ती एक मिलिमीटर चुकली असती, तर साऱ्या यंत्राची वाचा बसली असती. आपलें काम कोणी पाहो वा न पाहो, तें इतकेंच नेमकें असावें.