तुमच्या एसीत कुठला गॅस आहे?

शेजारच्या काकूंच्या जुन्या एसीच्या पट्टीवर ‘आर-२२’ लिहिलंय. “आता नवा आर-३२ भर,” म्हणाल्या. नाही भरता येत, काकू! त्याचा दाब जास्त, कॉम्प्रेसरचं तेल वेगळं, शिवाय तो थोडा ज्वलनशील.

आर-२२ ओझोनला घातक, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार हद्दपार होतोय.

पुढे आर-४१०ए आला. ओझोन वाचला, पण हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट तापमान वाढवतो! आर-३२ सुमारे ६७५ पट. म्हणून २०१६चा किगाली करार. भारतात अशा गॅसची कपात २०३२पासून.

दरवर्षी नुसता गॅस भरून घेऊ नका. आधी गळती शोधायला लावा; सांध्याशी तेलकट डाग दिसतो. गळलेला गॅस थेट हवेत जातो.

पट्टीचा फोटो टाका, नक्की सांगतो.